पीआयसीयूतली एक ड्युटी: सुरक्षेचे नियम फाईलमधून बेडपर्यंत कसे आणायचे

आमच्या पीआयसीयूच्या, म्हणजे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाच्या, व्हेंटिलेटर चेकलिस्टवर एका महिन्यात सगळ्या रकान्यांत टिक होत्या. शंभर टक्के. त्याच महिन्यात एका दुपारी पावणेदोनला मी सहज तीन नंबरच्या बेडपाशी गेले. बेड सपाट होता, आणि शीटवर दोन वाजताच्या रकान्यात ‘बेडचं डोकं ३० अंश वर’ यापुढे टिक पडलेली होती. दोन वाजायला अजून पंधरा मिनिटं होती.

ती सिस्टर कामचुकार नव्हती. तिच्याकडे व्हेंटिलेटरवरची दोन मुलं होती. एकाचा एक्स-रे नुकताच झाला होता, त्यासाठी बेड खाली केलेला तसाच राहिला. दोनला ओव्हर द्यायचा, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरकडे बाळं सोपवायची, आणि कागद अर्धे. तिने आधी कागद पुरे केले, कारण कागद अपुरे राहिले की ओरडा बसतो. बेड सपाट राहिला म्हणून त्या क्षणी कोणी ओरडत नाही. सपाट झोपवल्याने न्यूमोनिया होतो तो चार दिवसांनी, आणि कोणाच्या ड्युटीत झाला ते कळतही नाही.

लहान मुलांच्या आयसीयूत काम करणाऱ्या कुठल्याही सिस्टरला किंवा ब्रदरला विचारा, नियम तोंडपाठ असतात. मोडतात ते ठरावीक जागी: ओव्हरच्या घाईत, औषध लोड करताना, म्हणजे सिरिंजमध्ये भरताना, कोणी हाक मारली की, पट्टीखाली काय आहे ते दिसत नाही तिथे, आणि रात्री तीननंतर. म्हणून हा लेख नियमांच्या क्रमाने न लिहिता ड्युटीच्या क्रमाने लिहिते आहे. यातले डोसचे आकडे हिशेब समजावा म्हणून आहेत. बेडपाशी तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल आणि डॉक्टरांची लेखी ऑर्डर तीच खरी.

ओव्हर बेडपाशी घ्या

काउंटरवर खुर्चीत बसून घेतलेला ओव्हर म्हणजे ऐकीव बातमी. दोघी बेडपाशी उभ्या राहा. आधीची सिस्टर बोलत असताना तुमचं बोट फिरलं पाहिजे: बाळाच्या अंगातल्या प्रत्येक नळीवर बोट ठेवा आणि ते बाटलीपर्यंत किंवा पंपापर्यंत न्या. इंट्राकॅथपासून (शिरेतली बारीक नळी) थ्री-वे (तीन तोंडांची तोटी), थ्री-वेपासून एक्स्टेन्शन (जोडनळी), तिथून सिरिंज पंप (औषध ठरल्या वेगाने ढकलणारं यंत्र). पंपावरचा रेट मोठ्याने वाचा आणि ट्रीटमेंट शीटशी ताडून पाहा. दोन्हींत फरक असेल तर आधीची सिस्टर घरी जायच्या आत तो मिटला पाहिजे. ती बसस्टॉपवर पोचल्यावर फोन करून मिटत नाही.

मग पाच गोष्टी हाताने तपासा, नुसत्या नजरेने नाही. अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, जोडलेली आहे का आणि मास्क या बाळाच्या मापाचा आहे का. चिकटा ओढायचं सक्शन चालू केल्यावर खरंच ओढतं का. ऑक्सिजनचा फ्लोमीटर उघडतो का. एंडोट्रेकियल ट्यूब, म्हणजे श्वासनलिकेतली नळी, ओठापाशी किती सेंटिमीटरवर आहे. आणि अलार्मच्या मर्यादा या वयाला धरून लावल्या आहेत का, की कालच्या बारा वर्षांच्या मुलाच्या तशाच राहिल्यात. या सगळ्याला एका बेडमागे चार-पाच मिनिटं लागतात. ती जास्त वाटत असतील तर ओव्हरची वेळ वाढवून मागा, तपासणी कमी करू नका.

फोनवरची ऑर्डर घेताना लिहून घ्या आणि लिहिलेलं परत वाचून दाखवा. आकडा सुटा सुटा म्हणा. ‘पंधरा’ म्हटल्यावर लगेच ‘एक-पाच’ म्हणायचं. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं, आणि आपल्या मराठीत एकोणतीस आणि एकोणचाळीस काही वेगळं नाही. त्यात मुंबई-पुण्याच्या युनिटमध्ये बऱ्याच सिस्टर केरळच्या, रेसिडेंट डॉक्टर कुठला कुठला, आणि मावशी विदर्भातल्या. ‘एक-पाच’ सगळ्यांना कळतं.

हे बाळ कोणतं

बेड नंबर ही ओळख नाही. बेड बदलतात. पूर्ण नाव आणि आयपीडी (भरतीचा) नंबर या दोन गोष्टी हातापायातल्या पट्टीवरून वाचायच्या, औषधाआधी, रक्त काढताना, रक्त चढवताना, एक्स-रेला नेताना, प्रत्येक वेळी.

आपल्याकडे यात एक खास अडचण आहे. बारसं व्हायच्या आधीच आलेल्या बाळाला नाव नसतं, म्हणून पट्टीवर ‘बेबी ऑफ पूजा’ लिहिलं जातं. एका युनिटमध्ये दोन पूजा असणं ही रोजची गोष्ट आहे. तेव्हा आईचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, आणि आयपीडी नंबर. जुळी असतील तर ‘एक’ आणि ‘दोन’ हे अक्षरात लिहा आणि दोन्ही बाळांच्या फाईलवर, ट्रेवर, बेडवर ठळक खूण करा. सारख्या नावाची दोन मुलं शेजारशेजारच्या बेडवर ठेवू नका, जागा असेल तर.

आईला विचारताना ‘हा आरव ना?’ असं विचारायचं नाही. तीन रात्री न झोपलेली आई कशालाही मान हलवते. ‘बाळाचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारा आणि तिला सांगू द्या.

मनगटावर काळा दोरा, मनगट्या, पायात वाळे, कमरेला करदोटा घेऊनच मुलं येतात. सूज चढली की दोरा रुततो आणि त्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. तो कापून कचऱ्यात टाकू नका. आईच्या देखत काढा, पारदर्शक पिशवीत घालून बेडच्या डोक्याशी बांधा, आणि ‘तो बाळापाशीच आहे’ असं तिला सांगा. एवढं केल्यावर आजवर कोणी माझ्याशी भांडलेलं नाही.

वजन: सगळे हिशेब यावर उभे आहेत

मोठ्या माणसाच्या वॉर्डात एक अँप्यूल, औषधाची छोटी बंद कुपी, म्हणजे बहुधा एक डोस. आपल्याकडे एका अँप्यूलमध्ये दहा बाळांचे डोस असू शकतात, म्हणून इथली चूक दहापटीची होते.

अ‍ॅडमिशनला खरं वजन करा. हलवता येत नसेल तर लांबीवरून अंदाज देणारी टेप वापरा. वयावरून काढायचं सूत्र सगळ्यांना येतं: वयात ४ मिळवा, दुप्पट करा. पाच वर्षांच्या मुलाचं वजन त्याने १८ किलो येतं. पण मेळघाटातून किंवा नंदुरबारच्या पाड्यावरून रेफर झालेलं कुपोषित मूल पाच वर्षांचं असून ११ किलोचं असू शकतं. १८ किलोने डोस दिला तर तो दीडपटीहून जास्त झाला. अंदाजाने लिहिलेल्या वजनापुढे ‘अंदाजे’ असं लिहा आणि बाळ स्थिर झालं की काटा लावा. सूज असलेल्या मुलाचं कोणतं वजन धरायचं, भरती होतानाचं की आजचं, हे डॉक्टरांना विचारून शीटवर एकच वजन ठेवा. दोन कागदांवर दोन वजनं असली की रात्री कोणीतरी चुकीचं उचलतंच.

वजन कळलं की लगेच बेडच्या डोक्याशी एक कार्ड लावा. इमर्जन्सीत हिशेब करायला डोकं चालत नाही, माझंही नाही. १० किलोच्या बाळाचं कार्ड असं: अ‍ॅड्रेनॅलिन ०.१ मिग्रॅ, म्हणजे एक मिलीची (१ मिग्रॅची) अँप्यूल सलाईनने १० मिली केल्यावर त्यातलं १ मिली. हृदयाला शॉक द्यायची वेळ आली तर पहिला २० ज्यूल. ट्यूबचा आकार, ती कुठे बांधली आहे तो सेंटिमीटरचा आकडा, सक्शन कॅथेटर (चिकटा ओढायची नळी) किती नंबरचा. क्रॅश कार्टचं, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांच्या ट्रॉलीचं, सील प्रत्येक ड्युटीत बघा, पण कार्ड हाताशी असलं तर पहिली मिनिटं वाया जात नाहीत.

औषध: ट्रेपासून बाळापर्यंत

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण लोड करायच्या टेबलावर जेवढं चुकतं तेवढं कुठेच चुकत नाही.

आधी जागा. लोड करणाऱ्या सिस्टरशी बोलायचं नाही. काही ठिकाणी तिला रंगीत एप्रन घालतात, काही ठिकाणी जमिनीवर लाल पट्टी मारतात. आमच्याकडे साधी पाटी आहे, ‘इंजेक्शन चालू’. पाटी लागली की नातेवाईक, फोन, ब्लड बँकेचा मामा, सगळे थांबतात. एका वेळी एकाच बाळाची औषधं लोड करा. पाच बाळांच्या अँटिबायोटिकच्या सिरिंजा एका ट्रेत बिनलेबलच्या ठेवून ‘मला माहितेय कुठली कुणाची’ म्हणणारी सिस्टर प्रत्येक युनिटमध्ये असते. मीही एके काळी तीच होते.

आकडा लिहिताना दशांशाआधी शून्य हवंच: ०.५. दशांशानंतर नुसतं शून्य नको: ५ लिहा, ५.० नको, कारण टिंब पुसट झालं की ५० होतं. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा, इंग्रजी यू अक्षर काढलं की ते शून्यासारखं दिसतं.

मिलिग्रॅम आणि मिली यांची गल्लत सगळ्यात साध्या औषधात होते. शिरेतून द्यायचं पॅरासिटामॉल मिलीला १० मिग्रॅ असतं. १० किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिग्रॅ म्हणजे १५० मिग्रॅ, म्हणजे १५ मिली. बाटली १०० मिलीची, तिच्यात १००० मिग्रॅ. ‘१५०’ हा आकडा डोक्यात ठेवून कोणी ती बाटलीच लावली तर अख्खी संपेपर्यंत शंका यायची नाही. म्हणून लहान मुलाला ही बाटली थेट लावायचीच नाही. डोस सिरिंजमध्ये काढा, बाटली टेबलावरून हलवा, मग बेडकडे जा.

इन्सुलिनची भानगड आपल्या देशातली. मिलीला ४० युनिटची व्हायल (औषधाची छोटी बाटली) आणि मिलीला १०० युनिटची व्हायल, दोन्ही मिळतात, आणि त्यांच्या सिरिंजा वेगळ्या: लाल टोपणाची ४० साठी, केशरी १०० साठी. १०० ची व्हायल लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढली तर हातात येतात २५ युनिट. मधुमेहात रक्तात आम्ल साठलेल्या, म्हणजे केटोअ‍ॅसिडोसिसच्या मुलासाठी ५० मिलीत ५० युनिट बनवताना ४० च्या व्हायलमधून १.२५ मिली लागतं, १०० च्या व्हायलमधून ०.५ मिली. युनिटमध्ये एकच प्रकारची व्हायल ठेवणं हा यावरचा खरा उपाय. फार्मसीशी भांडावं लागलं तर भांडा.

पोटॅशियम क्लोराईड, केसीएल, कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे: टांगलेल्या बाटलीत केसीएल टोचलं आणि बाटली हलवली नाही, तर ते जड असल्याने खाली बसतं आणि पहिल्या काही मिलीतच बाळाच्या अंगात जातं. बाटली खाली काढा, केसीएल घाला, सात-आठ वेळा उलटीसुलटी करा, लेबल लावा, मग टांगा. हिशेब: १५ टक्क्यांच्या अँप्यूलमध्ये मिलीला २ एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, क्षार मोजायचं माप). ५०० मिलीच्या बाटलीत लिटरला २० एमईक्यू हवं असेल तर १० एमईक्यू, म्हणजे ५ मिली. आणि घालण्याआधी लघवी होते आहे ना, ते विचारा.

आता दुहेरी तपासणी. ‘अगं, तीन मिलीच ना?’ असं विचारल्यावर पलीकडून ‘हो’ येतं, दोन सह्या होतात, आणि तपासणी झालेली नसते. दुसऱ्या सिस्टरला तुमचं उत्तर सांगायचं नाही. तिच्या हातात ऑर्डर, वजन आणि व्हायल द्या; तिने आपल्या कागदावर हिशेब करावा. मग दोन आकडे शेजारी ठेवा. सगळ्या औषधांना हे करणं शक्य नाही आणि तसा आग्रह धरला की कुठेच होत नाही. इन्सुलिन, केसीएल, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, रक्तदाब टिकवणारे अ‍ॅड्रेनॅलिन-नॉरअ‍ॅड्रेनॅलिनसारखे ड्रिप, फेंटानिल-मॉर्फिन-मिडाझोलामसारखी गुंगीची औषधं, स्नायू शिथिल करणारी औषधं आणि रक्त, एवढ्यांना मात्र सूट नाही, रात्री तीनलाही.

रक्तदाबाच्या ड्रिपचा हिशेब ताडायला एक सोपा मार्ग: वजनाला ०.३ ने गुणा, तेवढे मिलिग्रॅम ५० मिलीत घाला, की तासाला १ मिली म्हणजे किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. १० किलोला ३ मिग्रॅ. युनिटमध्ये ठरावीक तयार प्रमाणं वापरत असाल तर ते याहून चांगलं, कारण प्रत्येक बाळाला वेगळं मिश्रण म्हणजे चुकायला वेगळी संधी. पण मग ती प्रमाणं भिंतीवर हवीत.

हेपॅरिनच्या व्हायलही दोन ताकदीच्या येतात, मिलीला १००० आणि मिलीला ५००० युनिट, आणि दुरून सारख्या दिसतात. २००७ मध्ये अमेरिकेत अभिनेते डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांना लाईन फ्लश करताना मिलीला १० युनिटऐवजी १०,००० युनिटचं हेपॅरिन गेलं. हजारपट. मुलं वाचली. तिथल्या लोकांनीही व्हायल पाहिली होती, वाचली नव्हती. लेबल तीन वेळा वाचायचं: उचलताना, ओढताना, व्हायल खाली ठेवताना.

सिरिंजच्या लेबलवर बाळाचं नाव, आयपीडी नंबर, औषध, एकूण मात्रा, एकूण मिली, कशात मिसळलं, वेळ, सही. लेबल आकड्यांच्या खुणा झाकू नये. पंपात सिरिंज बसवल्यावर तो कंपनी आणि आकार विचारतो; चुकीची कंपनी निवडली तर स्क्रीनवर रेट बरोबर दिसतो आणि आत वेगळाच जातो. बाळाला जोडण्याआधी पर्ज करा, म्हणजे थोडं औषध नळीच्या टोकापर्यंत ढकलून घ्या, नाहीतर यंत्रातली ढील संपेपर्यंत काहीच जात नाही. ड्रिप चालू असताना पंप वरच्या कप्प्यातून खाली किंवा खालून वर हलवू नका. उंची बदलली की थोडं औषध एकदम जातं किंवा थांबतं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनवरच्या बाळाचं प्रेशर, म्हणजे रक्तदाब, अचानक का उडालं याचं उत्तर कधीकधी ‘मावशींनी पुसायला पंप उचलला’ एवढंच असतं.

पट्टीखाली काय आहे

ही माझी चूक. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका मोठ्या रुग्णालयात. सात महिन्यांचं बाळ, पायाला इंट्राकॅथ, खाली पाय सरळ धरणारी स्प्लिंट, वर मी स्वतः बांधलेली सुबक बँडेज, बोटांच्या टोकापर्यंत. कॅल्शियम ग्लुकोनेट चालू, जे शिरेबाहेर गेलं की मांस जाळतं. बाळ किरकिरत होतं, मी आईला ‘भूक लागली असेल’ म्हटलं. शीटवर तासातासाला ‘साईट ठीक’ लिहिलं, कारण बँडेज कोरडी होती. संध्याकाळच्या सिस्टरने बँडेज सोडली तेव्हा पावलाचा वरचा भाग पांढराफट, टणक आणि टाचेपर्यंत सुजलेला होता. काही दिवसांनी कातडी गेली. ते मूल आज कॉलेजात असेल आणि त्याच्या पायावर तो व्रण असणार.

म्हणून: इंट्राकॅथचं टोक जिथे शिरेत जातं ती जागा उघडी दिसली पाहिजे. पारदर्शक ड्रेसिंग, बोटं उघडी, बँडेज फक्त स्प्लिंट धरण्यापुरती. दर तासाला हात लावून बघा मऊ आहे का, नजरेने बघा लाल-पांढरं झालंय का, आणि दुसऱ्या हाताशी किंवा पायाशी तुलना करा. पंपाचा अलार्म सूज पकडतो असं समजू नका; पंप औषध मांसात ढकलत राहतो, बिनतक्रार. कॅल्शियम, जास्त ताकदीचं डेक्स्ट्रोज आणि प्रेशरचे ड्रिप शक्यतो सेंट्रल लाईनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून. साईट गेली, म्हणजे औषध शिरेबाहेर जातंय, असं वाटलं तर ड्रिप लगेच थांबवा, पण इंट्राकॅथ ओढून काढू नका. आधी त्यातून जेवढं परत ओढता येईल ते ओढा, डॉक्टरांना बोलवा. उतारा द्यायचा असेल तर तो त्याच इंट्राकॅथमधून देता येतो.

ट्यूब आणि व्हेंटिलेटर

ट्यूब निघणं हे बहुधा चार प्रसंगांत होतं: एक्स-रेची प्लेट सरकवताना, वजन करताना, चिकटपट्टी बदलताना, आणि गुंगी उतरत असताना. चिकटपट्टी एकटीने बदलायची नाही. एकीने ट्यूब ओठापाशी धरायची, ती सोडायची नाही, बाकी सगळं दुसरीने करायचं. लाळेने भिजलेल्या डायनाप्लास्टवर आणखी एक थर चढवणं म्हणजे गळक्या छपरावर रंग देणं; जुनी काढून कातडी कोरडी करून नवी लावा.

सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, पडलं तर मॉनिटरशी झटापट करायच्या आधी बाळाकडे बघा. छाती हलते का? ट्यूब सरकली का, चिकटा अडकला का, एका बाजूचं फुप्फुस बसलं का, यंत्र बिघडलं का, या क्रमाने. शंका असेल तर व्हेंटिलेटर सोडवून अँबूने द्या. सक्शन कॅथेटरचा नंबर ट्यूबच्या दुप्पट: ४ च्या ट्यूबला ८. आधी ऑक्सिजन, ओढणं दहा सेकंदांच्या आत, ट्यूबच्या टोकापलीकडे कॅथेटर खुपसत जायचं नाही.

न्यूमोनिया टाळायला हे हवं: डोकं ३० ते ४५ अंश, तोंडाची स्वच्छता, ट्यूबवरच्या फुग्याचा (इंग्रजीत ‘कफ’) दाब २० ते २५ सेंटिमीटर पाण्याइतका, व्हेंटिलेटरच्या नळ्यांमधलं पाणी बाळाच्या दिशेने न जाऊ देता काढणं, आणि रोज सकाळी राऊंडला ‘आज ट्यूब निघेल का?’ हा प्रश्न. बेडला अंश दाखवणारी खूण नसेल तर एकदा कोनमापकाने मोजून रेलिंगवर चिकटपट्टीची खूण करा. अंदाजाने केलेले ३० अंश मी मोजले आहेत, ते पंधराच्या आसपास निघतात.

हात आणि सेंट्रल लाईन

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले हात स्वच्छ करायचे पाच क्षण तुम्हाला पाठ असतील. त्यातला हमखास सुटणारा पाचवा: बाळाला हात न लावता त्याच्या आसपासच्या वस्तूंना लावल्यानंतर. मॉनिटरचं बटण, बेडची कडी, पंप. अल्कोहोलचा हँडरब २० ते ३० सेकंद, साबणपाणी ४० ते ६० सेकंद. हातमोजे घालून तीन बेड फिरणं म्हणजे एकाच हाताने तिघांना जंतू वाटणं. कोपराखाली काही नको, घड्याळ नाही, बांगड्या नाहीत. रबची बाटली बेडच्या पायथ्याशी असेल तरच वापरली जाते. चार पावलं दूर ठेवली की आठवत नाही.

सेंट्रल लाईनचा हब, म्हणजे औषध जोडायचं तोंड, उघडण्याआधी अल्कोहोलच्या स्वॅबने पंधरा सेकंद चोळा आणि वाळू द्या. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, कापसाचं दोन दिवसांनी, आणि सुटलं किंवा ओलं झालं तर त्याच क्षणी.

लाईन टाकताना डॉक्टरांनी एखादी पायरी गाळली तर थांबवायचं कोणी? तेव्हा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात असलेल्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच साध्या पायऱ्यांची यादी केली, आणि पायरी चुकली तर नर्सने काम थांबवायचं असा अधिकार दिला. मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंनी ती वापरल्यावर लाईनच्या जंतुसंसर्गाचा मध्यक तीन महिन्यांत शून्यावर आला. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पाच पायऱ्या आपल्याकडेही भिंतीवर आहेत. दुसरा भाग, सिस्टरने थांबवायचं, तो भिंतीवर लावायला हेड ऑफ डिपार्टमेंटची सही लागते. ती मिळवा. नाहीतर ‘सर, हात धुतले का?’ हे वाक्य पहिल्या वर्षाच्या सिस्टरच्या तोंडून निघणार नाही.

उरलेलं, थोडक्यात

सॅच्युरेशनचा प्रोब दर तीन-चार तासांनी जागा बदलून लावा. रायल्स ट्यूबमध्ये (नाकातून पोटात घातलेली नळी) हवा सोडून स्टेथोस्कोपने ऐकणं हा पुरावा नाही. खूण बघा, ओढून आलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचं माप) बघा, ५.५ किंवा कमी हवा. दुधाची सिरिंज आणि शिरेची सिरिंज एकाच ट्रेत नको. बाळ कितीही गुंगीत असो, कठडा वर. अलार्म गप्प करायचा तो कारण बघून झाल्यावर. रक्ताची पिशवी दोघींनी बेडपाशी ताडायची, पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नाही, चार तासांत संपवायची.

आग. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. तेव्हापासून मी ओव्हरमध्ये एक प्रश्न घालते: ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कुठलं बाळ कोण उचलणार? नवीन मुलींना सुरुवातीला हसू येतं.

आईचं ऐका

२००१ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरमध्ये, त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये, दीड वर्षाची जोसी किंग गेली. भाजून आली होती, बरी होऊन आयसीयूतून बाहेर निघाली होती. तिची आई सॉरेल सांगत राहिली की पोरीला तहान लागली आहे, ही नेहमीसारखी दिसत नाही. शरीरातलं पाणी कमी झालेलं लक्षात आलं नाही, आणि वर गुंगीचं औषध दिलं गेलं.

‘बाळ वेगळंच करतंय’ हे आईचं वाक्य मी शीटवर वेळेसकट लिहायला लावते, नाडी आणि श्वासाच्या आकड्यांइतकंच. लिहिलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. आयांना पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगा: हात न धुता कोणी बाळाला हात लावला, अगदी मोठे डॉक्टर असले तरी, तर विचारा, आणि प्लास्टर ओलं दिसलं, हात सुजलेला दिसला, तर वाट न बघता हाक मारा. ‘सिस्टर रागावतील’ ही भीती काढायला एकदा सांगून भागत नाही, रोज सांगावं लागतं.

चुकलं तर, आणि चुकता चुकता राहिलं तर

झालेली चूक आधी बाळापाशी निस्तरा, मग डॉक्टर, मग इन्चार्ज, मग कागद, त्याच ड्युटीत. आईवडिलांना काय झालं ते डॉक्टरांनी आणि सिस्टरने मिळून, साध्या भाषेत सांगायचं. लपवलेली चूक पुढच्या डोसला पुन्हा होते.

चुकता चुकता राहिलेली गोष्टही लिहा. आमच्याकडे एका रात्री डिस्टिल्ड वॉटर म्हणून उचललेली प्लास्टिकची अँप्यूल केसीएलची निघाली. तोडण्याआधी सिस्टरने वाचली, म्हणून काही झालं नाही. तिने चार ओळी लिहून दिल्या, नाव न घालता. दुसऱ्या दिवशी केसीएल त्या ट्रेतून निघालं आणि इन्चार्जच्या कपाटात लाल डब्यात गेलं. आता ते काढायला दोन मिनिटं जास्त लागतात आणि त्यावर रोज कुरकुर होते. कागद लिहिणाऱ्याला मेमो मिळाला असता तर ती अँप्यूल अजून तिथेच असती.

नियम किती पाळले जातात ते मोजायचं असेल तर भरलेले फॉर्म मोजू नका. आठवड्याला एकच गोष्ट घ्या, म्हणजे हब चोळणं, किंवा दुहेरी तपासणी. वेगवेगळ्या ड्युटींत, त्यातही एक रात्र धरून, दहा वेळा उभं राहून बघा. पायऱ्यांचा संच असेल तर सगळ्या झाल्या तरच ‘झालं’ धरा; पाचातल्या चार म्हणजे ऐंशी टक्के नाही, शून्य. आकडा नावाशिवाय फळ्यावर लिहा. कमी आला तर आधी सामान बघा: स्वॅब संपले होते का, एका सिस्टरकडे व्हेंटिलेटरवरची किती मुलं होती. एकीकडे तीन असतील तर तो आकडा तिचा नाही, ड्युटी लावणाऱ्याचा आहे, आणि तो तसाच वर मेट्रनपर्यंत, म्हणजे सगळ्या सिस्टरच्या प्रमुखापर्यंत, लेखी जाऊ द्या.

आणि राऊंड मारताना शीटवरच्या रकान्याची वेळ बघा, मग भिंतीवरचं घड्याळ बघा. न आलेल्या वेळेपुढे टिक दिसली, तर आधी बेडचं डोकं वर करा. बोलायचं ते नंतर, चहाच्या वेळी, एकटीला बाजूला घेऊन.